महसीरच्या पिल्लांचे आई-बाप किती?

"लोणावळ्याच्या हॅचरीनं महसीर वाचवला, लाल यादीतून बाहेर काढला. आता प्रत्येक नदीत बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) सोडा. मासे वाढले की जनुकीय विविधता आपसूक वाढते." अशा अर्थाचा मजकूर पुन्हापुन्हा माझ्यापर्यंत येतो. पाठवणारे नदीवर जीव असलेले लोक असतात, म्हणूनच सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी जे खरं आहे ते. लोणावळ्यात वळवण तलावाकाठी टाटांच्या हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, 1970च्या दशकापासून महसीर या नदीतल्या मोठ्या माशाची पैदास होते आहे. धरणांनी अंडी घालायला वरच्या अंगाला जायची वाट अडवलेली असताना हा मासा माणसाच्या हातून वाढवता येतो हे तिथल्या लोकांनी दाखवून दिलं. ते काम मोठंच आहे. पण त्याचा जो अर्थ काढला जातोय, तो चुकतोय.

धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीचं म्हणाल, तर निळ्या पराचा महसीर, म्हणजे टॉर खुद्री, आता 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे सर्वांत कमी काळजीच्या गटात आहे हे बरोबर. 2020 मध्ये टाटा पॉवरनं ते जाहीरही केलं. मात्र या यादीचे निकष संख्या, घट आणि पसारा पाहतात. जनुकीय विविधता, म्हणजे माशामाशांतला आनुवंशिक फरक, किती उरली हे त्यात मोजलंच जात नाही. तेव्हा यादीतली जागा बदलली म्हणून विविधता शाबूत आहे असं म्हणता येत नाही.

आता "मासे वाढले की विविधता वाढते" हा मुद्दा. इथे हॅचरीतलं काम जवळून बघायला हवं. पावसाळ्यात जाळ्यानं पिकलेले, म्हणजे प्रजननाला तयार झालेले मासे पकडतात. मादीचं पोट हलक्या हातानं दाबलं की पिवळीधमक अंडी ट्रेमध्ये उतरतात. त्यावर नराचा शुक्ररस पिळायचा, पिसानं अलगद ढवळायचं, मग वाहत्या पाण्यात ट्रे ठेवायचे. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर. आता समजा, हंगामात 50 माद्या मिळाल्या पण पिकलेले नर दोनच हाती लागले आणि सगळ्या अंड्यांवर त्यांचाच शुक्ररस वापरला. पिल्लं लाखभर होतील, फोटोही छान येईल. पण विविधतेच्या दृष्टीनं हे पालक किती माशांइतके, म्हणजे त्यांची 'परिणामकारक संख्या' किती, याचा हिशेब करा. चार गुणिले माद्या गुणिले नर, भागिले एकूण पालक: चार गुणिले 50 गुणिले 2, भागिले 52. उत्तर येतं साधारण 7.7. म्हणजे विविधतेच्या दृष्टीनं हे 52 मासे आठांच्या बरोबरीचेही नाहीत. अशा एका पिढीत सुमारे साडेसहा टक्के विविधता गळते, आणि पिल्लांची संख्या वाढवून ती परत येत नाही.

ही पिल्लं नदीत सोडली की नुकसान नदीतही पोचतं. निल्स रायमन आणि लिंडा लाइकर या संशोधकांनी 1991 मध्ये हे गणितानं मांडलं. समजा, नदीतल्या माशांची परिणामकारक संख्या 500 आहे, हॅचरीतल्या पालकांची 10, आणि पुढच्या पिढीतले 80 टक्के मासे हॅचरीचे. मग दोन्ही मिळून परिणामकारक संख्या 510 होत नाही, ती 16च्याही खाली घसरते! मला स्वतःला हे पहिल्यांदा पटलं नव्हतं. कागदावर आकडेमोड केल्यावर पटलं.

"हॅचरीतला मासा आणि नदीतला मासा एकच" हेही खरं नाही. टाकीत जगतं ते टाकीला मानवणारं पिल्लू. अमेरिकेत ओरेगनमधल्या हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउटवर 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बंदिवासातल्या प्रत्येक पिढीमागे माशांची नदीतली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. मासा वेगळा आहे, पण टाकीतली निवड आपल्याकडेही व्हायचीच.

सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा मुद्दा "कुठल्याही नदीत सोडा" हा. तो प्रयोग कावेरीत होऊन गेलाय. तिथला स्वतःचा महसीर कुबडाचा, केशरी शेपटीचा, राक्षसी वाढणारा. 1946 मध्ये कबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा मासा गळाला लागला होता. त्याच कावेरीत 1970च्या दशकापासून लोणावळ्याची टॉर खुद्रीची बोटुकली सोडली गेली, चांगल्याच हेतूनं. पुढे गळानं मासेमारी करणाऱ्यांच्या छावण्यांतल्या 1998 ते 2012च्या नोंदी तपासल्या तेव्हा निळ्या परांचे मासे भरपूर, आणि कुबडाचा जवळजवळ नाहीसा. वाळूउपसा, धरणं, सुरुंगानं केलेली मासेमारी ही कारणं आहेतच. पण परका भाईबंदही त्यात आहे. कहर म्हणजे या राक्षसी माशाचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे 2018 मध्ये नक्की झालं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ओळख पटेपर्यंत मासा संपत आला होता.

आपल्याकडेही हाच धोका आहे. टॉर खुद्रीचं पहिलं शास्त्रीय वर्णन सायक्स या ब्रिटिश अभ्यासकानं 1839 मध्ये केलं, ते पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. वळवणचं धरण इंद्रायणीवर, म्हणजे त्याच भीमा खोऱ्यात. महाडजवळ काळ नदीवरचं वाळणकोंड मात्र सह्याद्रीच्या पलीकडे, पश्चिमेला उतरणाऱ्या पाण्यावर. देवीचे म्हणून तिथल्या माशांना कुणी हात लावत नाही. लोक डोहात खाऊ टाकतात आणि हातभर लांबीचे महसीर वर येतात. असे डोह म्हणजे राखून ठेवलेलं मूळ वाण. त्यात पुण्यकर्म म्हणून बाहेरची बोटुकली सोडली, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेनं जे राखलं ते एका कार्यक्रमात मिसळून जाईल. मिसळलेलं वेगळं करता येत नाही.

"मग हॅचऱ्या बंद करायच्या का?" असं विचारलं जातं. नाही. नर-माद्या जवळपास सारख्या घ्या, एका नराचा शुक्ररस एकाच मादीला वापरा, दरवर्षी त्याच नदीतून नवे पालक आणा, प्रत्येक पालकाच्या पराचा छोटा तुकडा काढून जनुकीय नोंद ठेवा. शुक्ररस द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतो. माशाची अंडी तशी ठेवता येत नाहीत, म्हणून नदीतल्या माद्यांना पर्याय नाही. पुढच्या वेळी गावात बोटुकली सोडायचा कार्यक्रम ठरला, तर पाहुण्यांच्या भाषणाआधी आयोजकांना एवढंच विचारा: यांचे आई-बाप किती होते, आणि कुठल्या नदीचे?