वाचनालयाच्या पत्त्यावर पत्ते

आज दुपारी कार्यालयात डबा खाताना आमच्या विभागातील एका तरुणाने मोठ्या आनंदाने सांगितले की, त्याने मुदत संपलेले एक डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, लिलावात घेतले आहे. पूर्वी ते नेत्रशिबिरे भरवणाऱ्या कुठल्याशा संस्थेचे होते आणि आता त्यावर तो वजन कमी करण्याची पावडर विकणार आहे. ‘सर, जुन्या नावाला गूगलवर आयता मान मिळतो, एवढ्या वर्षांच्या लिंका तयारच आहेत,’ असे तो म्हणाला आणि दोघातिघांनी त्याची पाठ थोपटली. मी मात्र मान खाली घालून भाजी संपवली. तेव्हा बोललो नाही, म्हणून तो राग आता इथे निघतो आहे.

माझ्या मित्रयादीतील बहुतेकांना आमचे गिरगावातील वाचनालय ठाऊक आहे. बाबा तेथे वर्षानुवर्षे कार्यवाह होते. 2009 मध्ये त्यांनी हट्टाने संकेतस्थळ करून घेतले, त्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा रबरी शिक्का बनवला आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईत तो उमटवून खाली आपली बारीक सही केली. 2021 मध्ये बाबा गेले. पुढे दीड वर्षाने वाचनालयातील सर्वांत जुन्या सभासदकाकांचा फोन आला, ‘अरे, आपल्या वाचनालयाच्या पत्त्यावर लोक पत्ते कुटताहेत, जरा बघ तरी!’ मी उघडून पाहिले. वर आमच्याच सभागृहाचे छायाचित्र, काचेच्या कपाटातील दिवाळी अंकांच्या बांधीव खंडांसकट, आणि त्याखाली रमीची जाहिरात.

हे एका रात्रीत घडत नाही, हे मला नंतर कळले. नावाची मुदत संपण्यापूर्वी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी सूचना येते, संपल्यानंतर पाच दिवसांत आणखी एक येते. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गसारखे नाव रद्द झाल्यावरही मूळ धारकाला ते सोडवून घेण्यासाठी तीस दिवस मिळतात, अर्थात दंडासकट. त्यानंतर पाच दिवस ते अधांतरी राहते आणि मग ज्याचा हात आधी पोहोचेल त्याचे होते. पुष्कळदा तर तिथवर वेळच येत नाही, कारण नोंदणी करणारी कंपनी त्याआधीच ते लिलावात काढते. आमच्या सर्व सूचना बाबांच्या ईमेलवर येऊन पडल्या होत्या. ती पेटी उघडण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणजे पहिली चूक माझीच आहे. ते लिहिताना आवाज थोडा खाली येतो, पण राग जात नाही.

डोमेन कायमचे कोणाच्या मालकीचे नसते, ते एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी भाड्याने मिळते, हे मान्य. मुंबईकराला पागडीच्या खोलीतून हे कोणी वेगळे समजावून सांगायला नको. सोडून दिलेले नाव स्वतःच्या नव्या धंद्यासाठी सरळपणे घेणारेही असतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. परंतु रिकाम्या झालेल्या खोलीत राहायला येणे वेगळे आणि जुन्या भाडेकरूची पाटी तशीच ठेवून त्याच्या नावावर वाण्याकडे उधारी करणे वेगळे. आमचे छायाचित्र त्यांनी बहुधा इंटरनेट आर्काइव्ह या जुनी संकेतस्थळे जपून ठेवणाऱ्या संग्रहातील प्रतीवरून उचलले होते. शिवाय नाव हाती आले की त्या नावाचा कोणताही ईमेल पत्ता पुन्हा उभा करता येतो. आमच्या देणगीदारांची पत्रे कोणाच्या हाती पडली असतील, या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो. गूगलनेसुद्धा मार्च 2024 मध्ये अशा उसन्या प्रतिष्ठेच्या वापराला स्पॅममध्ये गणले. पाठ थोपटणाऱ्यांना हे माहीत नसावे, किंवा असूनही चालत असावे.

1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरायला विसरली आणि तिच्या हॉटमेल या ईमेल सेवेच्या असंख्य लोकांना आत जाता येईना. तेव्हा मायकेल चेनी नावाच्या एका अमेरिकन प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरून ते नाव कंपनीसाठी चालू करून दिले. आमच्या वाट्याला मात्र नाव परत देण्यासाठी पाऊण लाख मागणारा माणूस आला. तक्रार करावी, तर त्या नावावर ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो आणि आंतरराष्ट्रीय लवादाची फीच दीड हजार डॉलर. आमच्या वार्षिक वर्गणीत ते कसे बसावे?

त्या तरुणाला उद्या बाजूला घेऊन सांगणार आहे. तो वाईट मुलगा नाही, घराचा हप्ता आहे त्याच्या डोक्यावर. पण नेत्रशिबिराच्या भरवशावर एखादी म्हातारी ती पावडर मागवील, एवढे तरी त्याला दिसले पाहिजे.

आम्ही नवे नाव घेतले आहे आणि सध्या दर रविवारी जुन्या शिक्क्यावर नव्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवत बसतो. काका प्रत्येक चिठ्ठी पट्टीने मोजून कापतात, बाबांची सही झाकली जाऊ नये म्हणून. अकराशे पुस्तके झाली, नऊ कपाटे बाकी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी या रविवारी दहा वाजता यावे. डिंक आणि कात्री तेथे आहे, चहा काका करतात.