उजवीकडे वळताना चाकं आधीच वळवून ठेवायची? खुलासा

सध्या एक सल्ला फिरतोय: 'सिग्नलच्या चौकात उजवीकडे वळायला थांबलात की स्टिअरिंग आधीच उजवीकडे फिरवून ठेवा, म्हणजे जागा मिळताच पटकन निघता येईल.' हा सल्ला चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

वाहनं डावीकडून चालतात तिथे उजवीकडे वळणारा समोरून येणाऱ्यांची वाट कापतो. चाकं वळलेली असताना मागून कोणी धडकलं, तर गाडी थेट समोरच्या वाहनांपुढे ढकलली जाते. चाकं सरळ असतील तर ती निदान आपल्याच रेषेत पुढे सरकते. म्हणून थांबताना चाकं सरळ, पाय ब्रेकवर, इंडिकेटर चालू. वाचणारा वेळ फार तर एखादा सेकंद, त्यासाठी हा जुगार कशाला?

त्याच मेसेजमध्ये 'हिरवा लागला की वळणाऱ्याचा हक्क' असंही म्हटलंय. तेही अर्धवट. उजवीकडचा हिरवा बाण असेल तर समोरची वाहतूक सहसा थांबवलेली असते. नुसता गोल हिरवा दिवा असेल तर समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. बसमागे लपलेली दुचाकी तर हमखास नजरेतून सुटते. आणि ज्या रस्त्यात शिरताय, तिथे पादचारी ओलांडत असतील तर आधी ते.