गोळी झेललेला कॅमेरा आणि आपला पावसाळा

नमस्कार. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत रचनेचेही दोष असतात, असे मी म्हटले होते. त्यावर तुमची हरकत अशी: निकॉन एफ हा कॅमेरा व्हिएतनामच्या युद्धात चालला, युद्धछायाचित्रकार डॉन मॅककलिनच्या निकॉनने तर बंदुकीची गोळी अडवली, मग अशा कॅमेऱ्यांत रचनेचे दोष कसले? प्रकाश आत शिरू न देणारा फोम कुजतो तो वयामुळे. आणि तुमचा एफ चामड्याच्या केसमध्ये आजही ठणठणीत आहे.

एफच्या (१९५९) मजबुतीबद्दल वादच नाही. त्याचा शटरपडदा (फिल्मसमोर उघडझाप करणारा पडदा) टायटॅनियमचा, आणि त्याच्यापुढे फोटो घेताना वर उठणारा आरसा. कापडी पडद्याचा रेंजफाइंडर कॅमेरा मिरामारच्या उन्हात सूर्याकडे तोंड करून राहिला, तर पडद्याला जळून भोक पडते, कारण त्यात मध्ये असा आरसा नसतो. पण धक्के सोसणे वेगळे आणि जून ते सप्टेंबर ओल्या हवेत कपाटात पडून राहणे वेगळे. तिथे धातू टिकतो. जातात ते फोम, रबर आणि ग्रीस.

फोमबाबत तुमचे म्हणणे निम्मे खरे आहे. मागच्या दारातला फोम डांबरासारखा झाला, तर ते वयच. कॅमेरा उघडी बाजू खाली करून धरा, म्हणजे गाळ शटरवर पडणार नाही. बांबूची चपटी काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून खरवडा. ॲसिटोन नको, रंग सुटतो. खोबणीत काळी लोकर बसवली तरी प्रकाश अडतो. आरशाला मात्र हात लावू नका. त्याचा परावर्तक थर काचेच्या वरच्याच बाजूला असतो.

पेन्टॅक्स एलएक्स (१९८०) या कॅमेऱ्याचे तसे नाही. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला जागोजागी सील आहेत, पण आरशाच्या यंत्रणेतले रबर चिकट होते आणि आरसा उशिरा उठतो. कॅमेरा आठवडाभर न चालवता ठेवा, मग लेन्स काढून, आत बघत शटर दाबा. आरसा थबकतो तो पहिल्याच दाबाला. दोन-तीनदा दाबले की तो सुटा होतो आणि दोष लपतो. विकणारा हातात देण्याआधीच चार वेळा शटर वाजवू लागला, तर तिथेच सावध व्हा. रबर कवडीमोलाचे, पण ते बदलायला कॅमेरा आतपर्यंत उघडावा लागतो. झिजणारा भाग इतका खोल ठेवला, याला मी रचनेचा दोषच म्हणतो.

आणि वयाशी काडीचाही संबंध नसलेला दोष हवा असेल, तर निकॉन एफ३ पाहा. फ्लॅशची बैठक रीवाइंडच्या, म्हणजे रीळ परत गुंडाळण्याच्या, खुंटीभोवती! मांडवात अंतरपाट धरलेला असताना ३६ फोटो संपले, की आधी फ्लॅश उतरवा, मग रीळ गुंडाळा. साधा फ्लॅश अडॅप्टरशिवाय बसतही नाही. निकॉननेच पुढे पत्रकारांसाठीच्या एफ३पीमध्ये साधी बैठक प्रिझमवर, म्हणजे डोळा लावायच्या भागाच्या वरच्या उंचवट्यावर, आणली. तुमच्या एफची तर पाठ तळासकट पूर्ण निघते. किनाऱ्यावर रीळ बदलताना ती काखेत धरावी लागते, वाळूत ठेवण्याची सोय नाही.

राहिली चामड्याची केस. तिच्यातून कॅमेरा आजच काढा. चामडे ओल धरते आणि बुरशी त्यावरच आधी येते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर सुकवा. महिन्यातून एकदा सगळ्या गतींवर शटर चालवा, विशेषतः १ सेकंदावर: ग्रीस घट्ट झाले असेल तर घरघर मध्येच अडते. आणि लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी; ती लेन्स त्या डब्यात ठेवू नका.