'इतिहास नावाचं पुस्तक' उघडायला सांगणाऱ्या सरांना

युद्धकाळातल्या विमानांवरच्या कादंबऱ्यांची मी दिलेली यादी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका निवृत्त इतिहास शिक्षकांना आवडली नाही. त्यांचं म्हणणं : यादी सगळी इंग्रजांची, आपलं १९७१ कुठे आहे, आणि पुढचं त्यांच्याच शब्दांत, 'कादंबऱ्या वाचून युद्ध कळलं असं ज्याला वाटतं, त्या पोराने आधी इतिहास नावाचं पुस्तक उघडावं.'

सर, मतभेद असू द्या. पण 'पोराने' कशाला? माझी मुलगी कॉलेजात जाते. आणि मी विशीतला असतो तरी हे बोलणं बरं दिसलं नसतं. आपण आयुष्यभर मुलांना शिकवलंत. हिणवलेलं पोर पुढचं पुस्तक हातात घेत नाही, हे आपल्याला मी सांगायचं का?

१९७१ वरची एखादी कादंबरी यादीत असती तर ती भरदार झाली असती, हे मान्य.

आता 'इतिहास नावाचं पुस्तक'. बाबा हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारे तंत्रज्ञ होते, बदल्या होत होत आम्ही वायुसेना नगरच्या क्वार्टरमध्ये आलो. विमान उडण्याआधी एफ-७०० या देखभालीच्या नोंद-फॉर्मवर ज्यांच्या सह्या लागतात, त्यांतले ते एक. आपण सही केलेलं विमान परतायला उशीर झाला, की त्या दिवशी घरी येऊनही बाबा ताटावर नुसते बसून राहायचे. आई पोळी वाढायची, ती तशीच गार व्हायची. मी वाचलेल्या एकाही अधिकृत इतिहासात मला ते ताट सापडलं नाही. कादंबऱ्यांत सापडलं.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या ब्रिटिश दलाचे, बॉम्बर कमांडचे, सुमारे सव्वा लाख हवाई सैनिक होते, त्यांतले ५५,५७३ मारले गेले. हा आकडा इतिहासच देणार आणि त्याने तो द्यायलाच हवा. पण स्क्वाड्रनच्या नोंदवहीत लँकेस्टर या बॉम्बर विमानातल्या सात जणांच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच ओळ येते : उड्डाणानंतर या विमानाकडून काही ऐकू आलं नाही. त्या सात जणांचं शेवटच्या तासात आपसात काय चाललं होतं, ते नोंदवही कुठून सांगणार?

लेन डायटनची 'बॉम्बर' (१९७०) एका रात्रीत हेच करते. लक्ष्य क्रेफेल्ड, आणि बॉम्ब पडतात भलत्याच छोट्या गावावर. पुस्तक ब्रिटिश विमानांत बसतं, जर्मन नाइट फायटरमध्ये आणि रडार केंद्रातही जातं, आणि खालच्या घरांमध्येही शिरतं. हल्ल्याची तारीख आहे ३१ जून १९४३. जूनला एकतिसावा दिवस नसतो, सर. हा इतिहास नाही, हे लेखकानेच सांगून ठेवलंय. आपण त्याला तेच ऐकवताय.

आणि जेम्स सॉल्टर? कोरियाच्या युद्धात एफ-८६ या लढाऊ जेटमधून शंभरावर मोहिमा केलेला माणूस. त्याला काय इतिहास ठाऊक नव्हता? १९५६ मध्ये त्याने कादंबरीच लिहिली, 'द हंटर्स'. पाच विमानं पाडली की वैमानिक 'एस' ठरतो, त्याचं नाव यादीत जातं. सॉल्टरच्या नायकाला ती पाच मिळत नाहीत, शेजारच्या खाटेवरच्यांना मिळतात, आणि माणूस आतून कुरतडला जातो. इतिहासाची पुस्तकं पाच पाडणाऱ्यांची नावं छापतात. न पाडू शकलेल्या पण रोज त्याच आकाशात गेलेल्या माणसाजवळ कोण बसणार? कादंबरीकारच ना?

तुम्ही या प्रश्नाशी भिडला असतात तर मी आनंदाने वाद घातला असता. तुम्ही माझं वय काढलंत.

यादी इंग्रजांची, या आरोपावर वेळ घालवत नाही. तिच्यात अमेरिकन आहेत, फ्रेंच आहे. ती शेवटपर्यंत वाचली असती तर दिसले असते.

'बॉम्बर' बर्डीवर जुन्या पुस्तकांत अधूनमधून मिळते. आधी वाचा, मग लिहा. त्या प्रतिक्रियेला मी नक्की उत्तर देईन.