चाललं की फुफ्फुस झिजतं म्हणे!

परवा आमच्या भावकीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आला. सीओपीडीवाल्यांनी (विडीच्या नाहीतर चुलीच्या धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, तो धापेचा आजार) चालू नये, पावलागणिक फुफ्फुस झिजतं. पंप (तोंडाने ओढायचं औषध, इन्हेलर) एकदा लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी. घरी ऑक्सिजनचं मशीन आणा, धाप लागली की फुल्ल सोडा. आणि कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी हुंगा, २१ दिवसांत फुफ्फुस साफ. खाली पंधरा जणांनी हात जोडलेले. माझ्या आईला हाच आजार आहे, विडीला कधी शिवली नाही ती, पण तीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, आणि असलेच मेसेज वाचून मी तिला वर्षभर पलंगावरून उठू दिलं नव्हतं, त्यामुळे जरा चिडूनच लिहितोय.

पहिलं चालण्याचं. अहो फुफ्फुस म्हणजे काय चपलेचा तळ आहे का झिजायला? जे खराब झालंय ते परत येत नाही हे मान्य. पण धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसला की मांड्या-पोटऱ्यांतली ताकद जाते, मग तेवढ्याच कामाला पाय लवकर थकतात आणि धाप अजून लवकर लागते. आईचा आधी बाजार सुटला, मग जिना, मग अंघोळीलासुद्धा स्टूल लागायला लागलं, आणि फुफ्फुस किती चालतं हे बघायच्या फुंकायच्या टेस्टचा आकडा बघावा तर वर्षापूर्वी होता जवळपास तोच! म्हणजे गेले होते ते पाय.

ह्यावर उपाय आहे, पल्मोनरी रिहॅब. सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, चालणं किंवा सायकल, हातापायाला हलकी वजनं, श्वासाची पद्धत आणि आजाराची नीट माहिती. २०१५ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (जगभरातला वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ६५ ट्रायल्स, ३८२२ पेशंट एकत्र तपासले, धाप कमी होते, थकवा कमी होतो, जास्त चालता येतं असं निघालं, आणि मग त्यांनी तो विषयच बंद केला, की रिहॅब द्यावं की नाही ह्यावर अजून ट्रायल्स नकोत, पुरे झालं. आईला फिजिओ मॅडमनी सहा मिनिटं चालायला लावलं तेव्हा ती दोनदा थांबली, आठ आठवड्यांनी एकदाही नाही.

त्यांनी शिकवलेलं अगदी साधं होतं. नाकाने श्वास घ्यायचा, शीळ घालतो तसे ओठ करून दुप्पट वेळ लावून सोडायचा, कारण ह्या आजारात हवा आत अडकते, बाहेर पडत नाही. बादली उचलताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. आणि चालताना थोडी धाप लागलीच पाहिजे, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत (छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं, आणि सुरू करण्याआधीही त्यांना विचारायचंच).

आता पंप. साल्ब्युटामॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा, गोळी ४ मिलीग्रॅमची, म्हणजे एका गोळीत ४० पफांचं औषध, आणि तेही पोटातून सगळ्या अंगभर, मग हात थरथरतात, छाती धडधडते. आणि पंप 'सुटत नाही' कारण आजार सुटत नाही, व्यसन लागतं म्हणून नव्हे. खरी भानगड पद्धतीची असते, आमच्या शेजारच्या काकांनी रोटाकॅप, म्हणजे आतली पावडर तोंडाने ओढायची असते ती कॅप्सूल, महिनाभर पाण्याबरोबर गिळली! स्टेरॉइडचा पंप असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंड येतं.

ऑक्सिजनचं मात्र डेंजर आहे. धाप लागणं वेगळं आणि रक्तातला ऑक्सिजन कमी असणं वेगळं. बसल्याजागीच तो कायम बराच कमी असेल, बोटाला लावायच्या मशीनवर साधारण ८८ टक्के किंवा खाली, तर रोज १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन देऊन आयुष्य वाढतं हे १९८०-८१ पासून माहितीये, पण थोडाच कमी असणाऱ्यांना काही फायदा दिसला नाही, २०१६ च्या ट्रायलमध्ये. आणि मनाने फुल्ल सोडला तर काही पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो, म्हणून तर अशांना ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवतात.

पुरचुंडीबद्दल काय बोलायचं, कापराने नाकाला गार वाटतं, बस.

मेसेजमध्ये जे हवं होतं ते नव्हतंच. आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलाय: कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला किंवा नेहमीपेक्षा धाप वाढली तर वाट न बघता डॉक्टरांना फोन, आणि दरवर्षी फ्लूची लस. त्याखाली आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'भाजी मीच आणणार.'