मोराच्या डोळ्यातील कुसळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चादरीवरील मोराच्या रंगाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी आठवडाभर पुन्हा पुन्हा वाचते आहे आणि उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडते. व्यापाऱ्याने सांगितले म्हणून मी मोराचा पोपटी रंग बदलून गडद हिरवा केला, असे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता की, ज्या हाताला दुसऱ्याच्या सांगण्यावरून रंग बदलण्याची सवय लागते तो हात उद्या संपादकाच्या सांगण्यावरून शब्दही बदलेल. आपण असेही म्हणता की नक्षीकाम हा पोटापाण्याचा उद्योग आहे, कवी आणि कारागीर यांची जातकुळी वेगळी आहे आणि मी दोघांना एकाच पंगतीला बसवू नये. शेवटी आपण विचारता की, मी जागोजागी ‘माझी चादर’ असे लिहिते, पण ती विणणारा माणूस त्या लेखात कुठे आहे? पहिले दोन मुद्दे मला मान्य नाहीत. तिसरा मान्य आहे आणि त्याविषयी मला अधिक लिहायचे आहे.

रंगाचे आधी सांगते. लेखात मी रंग बदलला एवढेच लिहिले, का बदलला ते लिहिले नाही, त्यामुळे आपला समज तसा झाला असेल तर तो दोष माझा आहे. आमची जॅकार्डची, म्हणजे नक्षी मागावरच विणणाऱ्या यंत्रणेवरची, सोलापुरी चादर दुहेरी विणीची असते. वरच्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर हिरवा मोर असला की खालच्या बाजूला हिरव्या जमिनीवर पांढरा मोर आपोआप उमटतो, म्हणून ती दोन्ही बाजूंनी पांघरता येते. मी मात्र संगणकाच्या पडद्यावर एकच बाजू पाहत होते आणि तिथला पोपटी मोर मला अतिशय आवडला होता. नमुना विणून आला तेव्हा त्या व्यापाऱ्यांनी तो हातात घेतला आणि काही न बोलता माझ्यासमोर उलटा अंथरला. पोपटी आणि पांढरा या दोन रंगांत अंतरच इतके थोडे होते की खालच्या बाजूचा मोर जमिनीत विरून गेला होता, पिसाऱ्यावरचे डोळे तेवढे कुठे कुठे दिसत होते. गिऱ्हाइकापुढे घड्या उलगडण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना जे पहिल्या नजरेत दिसले, ते मी तीन आठवडे त्या मोरावर काम करूनही पाहिले नव्हते. ते पाहिल्यानंतर पोपटीचा आग्रह धरण्यासाठी माझ्याकडे कोणतेच कारण उरले नाही.

आता शब्दाविषयी. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला मी कविता पाठवली होती आणि तिच्यात ‘कांडी’ हा शब्द होता. वाचकांना हा शब्द कळणार नाही, त्या जागी ‘रीळ’ करावे, असे संपादकांनी कळवले. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी, आडव्या सुताने भरलेली नळी. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांतल्या बायकांनी दाराशी बसून कांड्या भरल्या आहेत आणि त्यांवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवला आहे. कांडी संपली की धोट्यामागून येणारे सूत तुटते, माग थांबतो, आणि ती बदलायला माणसाला उठावे लागते. माझी कविता या उठण्याची होती. शिवणाच्या यंत्रावरचे रीळ मला त्या घरात नेत नव्हते, म्हणून मी नम्रपणे नकार कळवला आणि कविता छापली गेली नाही. ती वहीत आहे, कांडीसह आहे. तेव्हा एका हाताची सवय दुसऱ्या हाताला लागतेच असे नाही. व्यापारी असोत की संपादक, मी स्वतःला विचारते ते एवढेच की सांगणाऱ्याला असे काही दिसते आहे का, जे मला दिसलेले नाही. त्या व्यापाऱ्यांना दिसले होते. संपादकांनी कांडी पाहिलेलीच नव्हती.

पंगतीच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही, कारण सोलापुरात राहून तो मला कधी पटलाच नाही. ज्यांच्या नावाने आमची गड्ड्याची यात्रा भरते आणि संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, म्हणजे वचने या छोट्या भक्तिरचना करणारे संतकवी होते. शहरातले तळे त्यांनीच खोदवून घेतले आणि ६८ लिंगांची स्थापनाही त्यांचीच, असे इथे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. वचनकारांच्या त्याच परंपरेत जेडर दासिमय्या आहेत आणि जेडर या शब्दाचा अर्थच विणकर असा आहे. या मंडळींनी हाताच्या कामाला ‘कायक’, म्हणजे पूजेच्या मोलाचे काम म्हटले आणि वचनाला त्याच्यापासून वेगळी पंगत मांडली नाही. मी त्यांच्या पायरीजवळही उभी नाही, पण जातकुळी वेगळी असल्याचे आपण म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचे तळे येते.

आता आपला तिसरा मुद्दा. कवितेखाली माझे नाव असते. चादरीवर कोणाचेच नसते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे, पण त्या मानांकनात नाव आहे ते गावाचे. नक्षी काढणारी मी, सूत रंगवणारे, बीम म्हणजे उभ्या सुताचा रूळ भरणारे, मागावर उभे राहणारे, काठ शिवणाऱ्या आणि घड्या घालणाऱ्या बायका, यांपैकी कोणाचेही नाव त्यात नाही. ज्या वस्तूवर कोणाचीच सही नाही तिच्याविषयी लिहिताना मी ‘माझी’ हा शब्द वापरला आणि न झालेली सही करून टाकली. हे आपण दाखवून देईपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. ते ध्यानात येताच एक जुनी गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याखेरीज हे उत्तर पुरे होणार नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्याकडे संगणकावरची फाइल नव्हती. आलेख कागदावर चौकोन भरून नक्षी काढायची आणि तिच्यावरून पुठ्ठ्याची कार्डे पाडायची, अशी पद्धत होती. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये ज्याकारने (जॅकार्ड हे नाव त्याचेच) जी युक्ती बसवली तीच ही : एका आडव्या धाग्याला एक कार्ड, कार्डावर भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. अशी शेकडो कार्डे ओवून त्यांची माळ मागावर चढते. माझ्या पहिल्या मोराच्या माळेत एका कार्डावर एकच भोक पडायचे राहिले होते. कागदावर मी ते चार वेळा तपासले होते. पहिली चादर हातभर विणून झाली आणि मागावरच्या विणकरांनी माग थांबवून मला हाक मारली. ते पद्मशाली या विणकर समाजातले, घरी तेलुगू बोलणारे. त्यांनी कापडावर बोट ठेवले आणि म्हणाले, “ताई, मोराच्या डोळ्यात कुसळ गेलंय बघा.” हिरव्या डोळ्यात एक पांढरा ठिपका होता. कापडाची कड उचलून पाहिले तर खालच्या पांढऱ्या मोराच्या डोळ्यात हिरवा ठिपका होता. त्या ओळीतल्या प्रत्येक मोराच्या डोळ्यात तो होता.

आपल्याला माझी जी कविता आवडल्याचे आपण प्रतिक्रियेच्या सुरुवातीला लिहिले आहे, तिच्यातली कुसळाची ओळ इथून आलेली आहे. इतकी वर्षे ती माझ्या नावाखाली आहे आणि तिचे कौतुक मी स्वीकारत आले आहे.

आपली प्रतिक्रिया आल्यावर मी त्या विणकरांकडे गेले. आता ते मागावर जात नाहीत, त्यांचा मुलगा जातो. मी त्यांना सगळा प्रकार सांगितला, कविता वाचून दाखवली आणि खाली त्यांचे नाव घालू का, असे विचारले. नाव नको म्हणाले, ‘मागावरच्या एका माणसाने सांगितले’ एवढे पुरे. मग त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. ‘दोन्ही डोळ्यांत कुसळ घेऊन’ असे मी लिहिले होते. ते म्हणाले, “दोन्ही कुठले, ताई? आपला मोर बाजूनं उभा होता. त्याला एकच डोळा.”

मी वही उघडली आणि ‘दोन्ही’ हा शब्द खोडला, मग ‘डोळ्यांत’वरचा अनुस्वारही काढला. कविता आता तशी आहे, खाली त्यांनी सांगितलेली ओळ आहे, आणि मूळ लेखात जिथे ‘माझी चादर’ होते तिथे ‘मी नक्षी काढलेली चादर’ असा बदल मी काल केला आहे.