डोळ्यांचे लाड, कानांचे हाल

शुक्रवारी रात्री आमच्याकडे एक माणूस मेला आणि त्याला कोणी मारलं ते घरात कोणालाच कळलं नाही. मालिकेत हो. मरता मरता त्याने खुन्याचं नाव सांगितलं. मला ऐकू आलं एक, नवऱ्याला दुसरं आणि लेकीला तिसरंच. मागे घेऊन पाहिलं. परत मागे घेतलं. आवाज ४२ वर नेला तेव्हा कुठे नाव उमगलं, आणि पुढच्याच क्षणाला पडद्यावर एक अख्खं गोदाम उडालं. सासूबाई आतल्या खोलीतून उठून आल्या, "काय पडलं गं?" म्हणून. त्यांना काय सांगणार, कप्पाळ?

मग सबटायटल लावली. आता हा पराभव नव्हे तर काय? मालिका आपल्याच भाषेतली, नट आपल्याच भाषेत बोलतायत, आणि आपण खाली लिहिलेलं वाचतोय.

टीव्ही घेताना आपण काय काय विचारतो ते आठवा. किती इंची, फोर-के आहे का, भिंतीला किती चिकटून बसतो, काळा रंग खरोखर काळा दिसतो का. 'याचा आवाज कसा आहे हो?' असं कोणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं. जुन्या खोक्याएवढ्या टीव्हीत निदान स्पीकरला ऐसपैस जागा होती आणि बहुतेकदा त्याचं तोंड आपल्याकडे असायचं. आताचा टीव्ही बोटभर जाडीचा, त्यामुळे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवतात. म्हणजे नायिका आपल्याशी न बोलता भिंतीशी बोलते आणि भिंत आपल्याला निरोप देते.

त्यात आणखी एक गंमत. सिनेमे आणि मालिकांचा आवाज बऱ्याचदा पाच स्पीकर आणि एक बेसचा डबा गृहीत धरून मिसळलेला असतो. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी, बाकीच्यांत पाऊस, गाड्या, पार्श्वसंगीत. आपल्या टीव्हीत असतात दोन पिटुकले स्पीकर. ते सगळं दोघांत कोंबलं की संवादाचा गर्दीत चेंगरलेल्या माणसासारखा जीव जातो. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा प्रकार 'स्टिरिओ' केला, संवाद स्पष्ट करणारा किंवा रात्रीचा मोड सापडला, तर बऱ्यापैकी फरक पडतो. हे मला शनिवारी दुपारी कळलं. शनिवारी सकाळी कळलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

कारण शनिवारी सकाळी मी साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, जोडायला काढला. बरेच दिवस खोक्यात पडून होता. एक केबल टीव्हीच्या मागे खोचायची, संपलं, दहा मिनिटांचं काम. मी टीव्ही आणि भिंत यांच्या फटीत एका कुशीवर, मोबाइलचा टॉर्च दातांत, आणि नवरा समोर बसून दर मिनिटाला एकच बातमी देतोय, "नाही, अजून टीव्हीतूनच येतोय." दीड तास! मग टॉर्चच्या उजेडात एका पोर्टपाशी बारीक अक्षरं दिसली, 'एआरसी'. एचडीएमआयची चार भोकं दिसायला जुळ्यांसारखी, पण टीव्हीतला आवाज उलटा साउंडबारकडे पाठवायची सोय त्यांतल्या एकाच भोकात. ही सोय २००९ पासून आहे म्हणे. अक्षरं डोळ्यांना दिसतील एवढी मोठी छापायला अजून मुहूर्त लागलेला नाही. त्यातही टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' नावाचं, जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारं प्रकरण बंद असेल तर बऱ्याच टीव्हींवर योग्य भोकात केबल घालूनही ढिम्म. आमच्याकडे अर्थातच बंद होतं.

बाहेर सरकताना माझ्या पायाने राउटरची वायर उपटली. लेक तिच्या खोलीतून ओरडली, "आई, नेट गेलं!" साउंडबारच्या नादात घरातलं बाकी सगळं गप्प झालं होतं.

त्यात रिमोट चालेना. बॅटरी गेली की रिमोटच गेला? याला एक सोपी युक्ती आहे, माहीत नसेल तर लक्षात ठेवा. रिमोटचं पुढचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो, पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो गाळला जातो, तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरायचा. आमचा लुकलुकत होता. म्हणजे रिमोट धडधाकट, मीच साउंडबार टीव्हीच्या बरोबर त्या डोळ्यासमोर ठेवला होता जिथे रिमोटचा संदेश पोचायचा असतो.

(थोडं विषयांतर. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये उजेडाच्या झोतावर चालणारा बिनतारी रिमोट काढला होता. अडचण एवढीच की खिडकीतून ऊन आलं तरी टीव्ही आपलाआपण चॅनल बदलायचा. मग १९५६ मध्ये त्यांनी आवाजावर चालणारा काढला. आत धातूच्या दांड्या, बटण दाबलं की छोटी हातोडी त्यांवर आदळणार, माणसाला ऐकू न येणारा टिणत्कार निघणार आणि टीव्हीला तो बरोबर कळणार. बॅटरीच नाही! अशा रिमोटांच्या टीव्हीसमोर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी चॅनल बदलायचा म्हणतात. एकेकाळी टीव्हीलाही कान होते, एवढंच म्हणते.)

तर साउंडबार लागला. आवाज स्वच्छ आला, खुन्याचं नाव पहिल्या फटक्यात कळलं. पण ओठ आणि शब्द जुळेनात. इथे नवऱ्याची आणि माझी जुंपली, कारण त्याला फरक दिसतच नव्हता. नंतर वाचलं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ ची एक शिफारस आहे. आवाज चित्राच्या आधी आला तर साधारण ४५ मिलिसेकंदांतच ते जाणवू लागतं, पण मागून आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. कारण उघड आहे. निसर्गात आवाज नेहमी उजेडाच्या मागूनच येतो. आधी वीज दिसते, मग गडगडाट. मेंदूला त्याची सवय आहे, तो उशीर माफ करतो, आगाऊपणा करत नाही. आमचा आवाज त्या सीमेवर कुठेतरी रेंगाळत होता. सेटिंगमधला आवाजाचा विलंब थोडा कमी केला आणि भांडण मिटलं.

रात्री सामना होता. पेनल्टी. खेळाडू चेंडू ठेवून मागे चाललाय, आम्ही श्वास रोखून, आणि वरच्या मजल्यावरून "गोऽऽल!" खेळाडूने अजून पाय उचललेला नाही. त्यांच्याकडे डिश, आमच्याकडे ॲप. ॲपवर येणारं चित्र काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि अडखळू नये म्हणून आपलं यंत्र दोनचार तुकडे साठवून मगच दाखवायला लागतं, त्यामुळे अर्धा मिनिट मागे पडणं सहज होतं. कोपऱ्यात लाल अक्षरांत 'लाइव्ह' लिहिलेलं असतंच. साउंडबारचा आवाज वाढवून वरच्यांना दाबायचा प्रयत्न केला. आरडाओरड्यापुढे तोही कमी पडला.

रविवारी संध्याकाळी कार्यक्रम. मोठं मैदान, मोठा गायक, लेकीच्या हट्टाखातर महिनाभर आधी काढलेली तिकिटं. मी दोन तास आधी नेऊन सगळ्यांना पुढे उभं केलं. कठड्याला पोट टेकवून, अगदी स्टेजसमोर. एवढे पैसे मोजलेत तर चेहरा दिसायला नको?

चेहरा दिसला. कपाळावरचा घाम दिसला, गिटारच्या पट्ट्यावरची शिवण दिसली. शब्द मात्र एकही कळला नाही! समोर जमिनीवर बेसचे स्पीकर, प्रत्येक ठोका बरगड्यांत. ड्रमवाला थेट कानात. आणि गायकाचा आवाज? तो वर टांगलेल्या स्पीकरच्या माळांमधून आमच्या डोक्यांवरून मागे चाललेला. त्या माळा मैदानभर आवाज पोचावा म्हणून टांगतात. अगदी पुढच्यांसाठी कधी स्टेजच्या कडेला वेगळे छोटे स्पीकर ठेवतात. इथे ते नव्हते, किंवा होते आणि बेसपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. शुक्रवारचाच प्रसंग, फक्त पडदा मोठा.

चौथ्या गाण्याला लेक पाणी प्यायला मागे गेली आणि तिचा मेसेज आला, "इकडे या. इथे गाणं ऐकू येतंय."

ती साउंडवाल्याच्या मिक्सरच्या मचाणाशेजारी उभी होती. इतकी साधी गोष्ट मला आजवर सुचली कशी नाही? तो माणूस स्वतःच्या कानांना जे ऐकू येतं त्यावरून सगळी बटणं फिरवतो. म्हणजे मैदानात कार्यक्रम ज्या एका जागेसाठी जुळवला जातो ती जागा त्याची. गाणं ऐकायला आलेल्याने तिथेच उभं राहावं, माझं ठाम मत. गायक अंगठ्याएवढा दिसतो, दिसू दे.

नवरा मात्र 'मोकळं आहे' म्हणून पार मागे गेला आणि परत आला ते शोध लावूनच. "हा गात नाहीये. टेप लावलीये. ड्रमची काठी आधी पडते, आवाज मागून येतो." मी हसायलाच लागले. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर मीटर मागे उभं राहिलं तर मोठ्या पडद्यावरची काठी आधी दिसणार आणि आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचणार. शनिवारी जे त्याला साउंडबारवर दिसलं नव्हतं, ते रविवारी निसर्गाने स्वच्छ दाखवलं. टेपचा संशय मात्र त्याने अजून सोडलेला नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा चिडूनच लिहितेय. लेकीने घरून निघताना तीन जोड्या इअरप्लग घेतले होते. मी म्हटलं, "गाणं ऐकायला जायचं आणि कानात बोळे घालून बसायचं?" तिने आपले घातले, मी माझे पर्समध्ये ठेवले. रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात 'ईंऽऽऽ' सुरू झालं, दूरवर कोणीतरी टीव्ही चालू ठेवून गेल्यासारखं. सोमवारी दुपारपर्यंत होतं.

याचं गणित भीतीदायक आहे. अमेरिकेतल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठीच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये माणसाने ८ तास काढावेत, त्याहून जास्त नाही. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. कार्यक्रम अडीच तासांचा! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली ती सरासरी १०० डेसिबलच आहे, आणि तिच्यासोबत आवाजाची सतत मोजणी, प्रेक्षकांना इअरप्लग आणि कान निवायला शांत जागा द्या असंही सांगितलंय. आपल्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी साधारण १६ हजार. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डोळ्यांची नजर गेली तर चष्मा तरी आहे.

हे काही म्हाताऱ्यांचं कुरकुरणं समजू नका. 'द हू' या बँडने १९७६ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाचा विक्रम केला होता. त्यांचाच गिटारवादक पीट टाउनझेंड पुढे कानातल्या आवाजाबद्दल आणि बहिरेपणाबद्दल जाहीर बोलत आला. कानांना इजा होते म्हणून गिनीजवाल्यांनी तो विक्रमाचा प्रकारच बंद करून टाकला. आणि आम्ही मात्र कठड्याला पोट टेकवून.

फोमचे साधे प्लग वरच्या पट्टीतले सूर जास्त खातात, गाणं गोधडीतून आल्यासारखं वाटतं. संगीतवाल्यांसाठीचे वेगळे मिळतात, ते सगळे सूर बऱ्यापैकी सारखेच खाली आणतात. लेकीचे तसलेच होते. म्हणूनच तिला परतताना सगळी गाणी शब्दासकट गुणगुणता येत होती आणि मी "काय? काय म्हणालीस?" करत होते.

सोमवारी रात्री फोनमधले व्हिडिओ काढले. अकरा होते. तीन लेन्सच्या कॅमेऱ्याने घामाचे थेंबही टिपले होते. गाणं सुरू झालं की आवाज नुसता फाटलेला, खर्रखर्र, कुठलं गाणं तेही ओळखू येईना. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत मात्र एक बाईचा आवाज लख्ख, शब्दन् शब्द कळेल असा. माझाच.

"अहो, जरा डोकं खाली घ्या ना, काही दिसत नाहीये!"